मोठ्या डोळ्यांची सीताफळं

कुणी सीताफळ अंगठ्यानं दाबून बघितलेलं मला खपत नाही. दसरा सरला की वारंगा फाट्यावर, नवऱ्याच्या टायरच्या दुकानाला लागून, मी क्रेट मांडून बसते. नांदेडकडे निघालेली गाडी थांबते, काच खाली होते, एखादे साहेब उतरतात आणि बटाटे चाचपावेत तशी फळं दाबायला लागतात. मी म्हणते, "साहेब, हात आवरा. त्याला बघायचं असतं, दाबायचं नसतं." बहुतेक जण हसतात. एखादा रागावून निघूनही जातो. जाऊ द्या. दाबलेल्या जागी फळ उद्या काळं पडणार आणि बोल माझ्या बागेला लागणार, तो मी का म्हणून घेऊ?

बघायचं म्हणजे डोळे बघायचे. सीताफळाच्या अंगावर जे उंचवटे असतात त्यांना आमच्याकडे डोळेच म्हणतात. फळ लहान असतं तेव्हा ते एकमेकांना गच्च चिकटलेले असतात, मधे सुई शिरणार नाही असे. फळ भरत आलं की ते सुटायला लागतात आणि मधल्या फटीत पांढुरकी रेघ दिसते. 'डोळे उघडले' म्हणतात ते यालाच. उघडलेलं फळ तोडायचं, अढीत म्हणजे पेंढ्यात दाबून ठेवायचं, दोन-तीन दिवसांत ते पिकतं. मिटलेलं तोडलं तर ते पिकत नाही. काळं पडतं आणि दगड होतं.

हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. माझं माहेर औंढ्याच्या मागच्या डोंगरात. तिथं सीताफळ कुणी लावत नाही, ते आपलं आपण येतं. बांधावर, खडकाच्या कपारीत, नाल्याच्या काठाला. शेरडं सगळं रान फस्त करतात पण सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून ती झाडं टिकली. पाला चुरगाळला की हाताला जो उग्र वास येतो तो साबणानंही जात नाही. परवा छाटणी करताना हात तसाच नाकाशी नेला आणि मी क्षणात परकर खोचून डोंगरावर उभी होते. नागनाथाच्या देवळापुढे टोपल्या घेऊन बसणाऱ्या बाया पहाटे आमच्याच वाटेनं वर जायच्या. त्यांत तांड्यावरची शेवंताबाई होती, आईची मैत्रीण. मी एकदा घाईनं एका फळाला हात घातला तर ती माझ्या मनगटावर चापट मारून म्हणाली, "डोळा मिटलाय न्हवं त्याचा? लेकरू झोपलंय. निजू दे." त्यानंतर मी झोपलेल्या फळाला हात लावला नाही.

घरी ज्वारीच्या कणगीत फळं पुरून ठेवायचो. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं आणि कोपरापर्यंत हात ज्वारीत घालून चाचपायचं. मऊ लागलं की घास आपला. बिया कोण लांब थुंकतं याची पैज लागायची आणि आई ओरडायची, "बिया येचून ठिवा, उवाला लागत्यात, आन् तो हात डोळ्याला लावू नका!" तिच्या ओरडण्यात बियांचीच काळजी जास्त, असा आमचा समज होता.

लग्न होऊन फाट्याजवळच्या या गावी आले तेव्हा इथं सीताफळाला कुणी विचारत नव्हतं. आमची बरीच जमीन काळी, पण गावाच्या वरच्या अंगाला एक माळाचा तुकडा आहे. मुरूम आणि गोटे. त्यात सोयाबीन टाकायचं आणि ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली की ते माना टाकताना बघायचं, हा दरसालचा कार्यक्रम. मला तो माळ बघितला की माहेरचा डोंगर आठवायचा. मी एका वर्षी सासऱ्यांना सरळ म्हटलं, "मामा, तिथं सीताफळ लावू."

सासऱ्यांना मी मामा म्हणते, त्यांची लेकरं अप्पा म्हणतात, आणि सासूला मी आत्याबाई. मामांना शेतातलं सगळं कळतं, हे आमच्या घरात वादाबाहेरचं होतं. कापसाच्या बोंडाकडे बघून ते वेचणीचा दिवस सांगायचे, ढेकूळ मुठीत दाबून पेरणीचा. चुकतही नव्हते. ते म्हणाले, "सीताफळ ही लावायची चीज हाय व्हय? ते देवानं माकडासाठी केलंय."

"माकडं शहाणी असतात," मी म्हटलं.

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मामा हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. पुढे आठ दिवसांनी, जेवता जेवता, ताटाकडेच बघत म्हणाले, "लावा. पण पयला बार फुकट गेला तर मी बाग मोडनार आन् हरभरा पेरनार. दोन्ही डगरींवर पाय ठेवायची आपली रीत न्हाई."

माझा नवरा दिवसभर फाट्यावर असतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "तू आन् अप्पा बगा. मी टायरातला मानूस." त्यानं रोपं आणून दिली, तेवढं मात्र मन लावून केलं. रोपवाटिकेतून मोठ्या फळाची कलमं आणली, थोडी लाल सालीची आणली, आणि माहेरच्या डोंगरातल्या बियांची रोपं मी स्वतः पिशव्यांत वाढवलेली होती.

आज त्या माळावर कुणाला घेऊन गेले की मी लांबूनच झाडं ओळखून दाखवते. गर्व म्हणा हवं तर. डोंगरी झाड बुंध्यापासून फुटतं, चार-पाच खोडं एकदम, झुडपासारखं भांडखोर. कलमी झाड हातपाय पसरून उभं राहतं, त्याचं पान रुंद आणि थोडं खाली कललेलं. लाल सालीच्या झाडाची कोवळी पालवी तांबूस असते, ऊन मागून आलं की तीच आधी दिसते. फळांचं तर विचारूच नका. डोंगरी फळ मुठीत मावणारं, डोळे बारीक आणि खोल, आत बियांची गर्दी आणि त्या गर्दीतून वाट काढत खायचा तो वेडा गोड गर. कलमी फळ दोन्ही हातांनी धरायचं, डोळे रुंद, सपाट, गोधडीच्या ठिगळांसारखे, बिया थोड्या, गर घट्ट. लाल फळाची साल जांभळट, आतला गर रवाळ. आणि डोंगरी रोपांतच एक झाड असं निघालं की त्याचं फळ जवळजवळ गुळगुळीत, डोळे नावालाच. ते असं का झालं ते मला माहीत नाही. एका आईची लेकरं काय एका साच्यातली असतात? आमच्या घरातच बघा.

पण हे सगळं आज कळतं. पहिल्या बाराला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सांगतेय ते त्या पहिल्या हंगामाचं. सीताफळ म्हटलं की मला बाकीची वर्षं एकमेकांत मिसळून आठवतात, ते वर्ष मात्र वेगळं उभं राहतं.

त्या वर्षी पाऊस मापात झाला. गणपतीत फळं लिंबाएवढी होती, नवरात्रात कलमी झाडांवरची फळं मुठीबाहेर गेली. डोंगरी रोपांना तेव्हा फळ धरलंच नव्हतं, ती उशिरा येतात. बागेत होती ती सगळी कलमी फळं. रोज संध्याकाळी मामा माळावर चक्कर टाकायचे, काठी मागे धरून, आपल्याला काही पडलेलं नाही असं दाखवत. माझ्या लक्षात यायचं की ते एकाच झाडापाशी थांबतात. दुसऱ्या माळेला ते घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "डोळे उघडले. तोडा."

आम्ही सगळे गेलो. खरंच उघडले होते. डोळ्यांत बोटभर अंतर. डोंगरावर असं फळ दिसलं असतं तर आम्ही धावलो असतो. आत्याबाईंनी बघितलं, मान डोलावली. मी बघितलं, माझीही मान डोलली. डोंगरात जन्म काढलेली मी, आणि ढेकूळ ओळखणारे मामा. शंका कुणाला येणार? मामांनी पहिलं फळ स्वतः तोडलं, कपाळाला लावलं, नागनाथाच्या नावानं बाजूला ठेवलं. मग आम्ही मोठी मोठी सगळी उतरवली. शेंड्याकडची बारकी तेवढी राहिली.

पहिलं पीक घरोघर वाटायचं, ही मामांची रीत. अढी लावायच्या आधीच त्यांनी गल्लीत फळं पाठवली. एवढाली फळं बघून बाया तोंडाला हात लावत होत्या. मामा ओट्यावर बसून कुणी विचारलं नाही तरी सांगत होते, "माळावरची हायत. आमच्या सुनेनं लावल्यात." मी आत भाकरी थापत होते आणि माझ्या भाकरीचे त्या दिवशी काठ चिरत नव्हते. सासरी आले तेव्हा माझ्या भाकरीवरून आत्याबाईंनी मला वर्षभर कच्चीच धरलं होतं.

तीन दिवस झाले, चार झाले. अढी उघडली तर फळं जशीच्या तशी. पुन्हा झाकली. मग सालीवर काळे ठिपके आले, ठिपक्यांचे डाग झाले. एक फळ मी पाट्यावर आपटलं तर पाट्याला काही झालं नाही आणि फळालाही. दसऱ्याला सोनं द्यायला शेजारची काशीबाई आली, आपट्याचं पान हातात ठेवलं आणि म्हणाली, "वैनी, तुमचं सीताफळ उखळात कुटावं लागतंय काय वं?" गल्लीतली पोरं त्या फळांनी चेंडू खेळत होती. नेम चांगला बसत होता म्हणे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं आमच्या घराचं झालं, आणि ते बाशिंग मामांनी अख्ख्या गल्लीला दाखवलं होतं.

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जेसीबीवाल्याला निरोप धाडला, तो मी ऐकला. मी चुलीजवळून उठून बाहेर आले.

"मामा, काहून?"

"बोललो व्हतो ना. पयला बार फुकट गेला. आता ओल हाय तवर हरभरा पडला पायजे. ओल गेली की माळावर काय उगवत न्हाई."

त्यांचं बरोबर होतं, हीच पंचाईत होती. माळाची ओल किती टिकते? बघता बघता उडते. ते हट्टानं बोलत नव्हते, हिशेबानं बोलत होते, आणि हिशेबाशी भांडायला रडून भागत नाही. मी पदर खोचला आणि माळावर गेले.

तिथं मी झाडांपाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. मला माझ्या झाडांचं वाईट वाटत होतं, स्वतःचंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू. एकेका रोपाला मी डोक्यावरून पाणी आणून घातलं होतं. उन्हाळ्यात सगळी पानं गळून ती काड्यांसारखी झाली तेव्हा मामा म्हणाले होते, "वाळली की!" आणि मी नखानं साल खरवडून आतला हिरवा पापुद्रा त्यांना दाखवला होता. आता त्याच खोडांत लोखंडी दात शिरणार. मी शेंड्याकडे राहिलेलं एक फळ हातात धरलं. आणि माझ्या लक्षात आलं की ते बारकं राहिलेलं नाही. आम्ही तोडणी केली तेव्हा ते लिंबापेक्षा थोडं मोठं असेल. आता मुठीत जेमतेम मावत होतं.

शेजारचं बघितलं. तेही वाढलेलं. त्याच्या पलीकडचंही. आणि डोळे? या एवढ्याशा फळांचेही डोळे तितकेच लांब लांब. कोवळ्या फळाचेही. म्हणजे याचे डोळे उघडलेलेच असतात. हे फळ डोळे उघडे ठेवून झोपतं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे लहानपणापासून ऐकत आलेली मी, एका फळाकडून फसले होते. मला त्या उभ्या उन्हात हसू आलं.

मी धावत घरी आले. मामा ओट्यावर होते. मी म्हटलं, "मामा, तयार झालेलं फळ वाढतं का झाडावर?"

"न्हाई वाढत. पिकून गळतं."

"मग राहिलेली वाढायलीत. चला दाखवते. आपण डोंगरी फळाचा डोळा लावला या फळाला. ते तयारच नव्हतं. त्याला अजून वेळ आहे."

"किती वेळ?"

हे मला माहीत नव्हतं. मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, "दिवाळी जाऊ द्या."

समोरच्या रानात शेजाऱ्यांनी हरभऱ्यासाठी कुळवाची पाळी घातली होती, मामा तिकडे बघत होते. मग म्हणाले, "भाऊबीजेपोतर. तवा पिकलेलं फळ हातावर ठिव. न्हाईतर मला तकलीफ देऊ नको."

मग मी फळं बघायला शिकले. जे डोंगरावर एका चापटीत शिकले होते ते इथं पुन्हा पहिल्यापासून. सकाळी दव असताना जायचं, कारण ऊन चढलं की रंग खोटा दिसतो. रोज तीच झाडं, तीच फळं. डोळ्यांमधलं अंतर बघायचंच नाही, ते फसवं. मधल्या खोबणीचा रंग बघायचा. ती हिरवी होती, गर्द हिरवी, आठवडाभर तशीच. मग एके दिवशी हिरव्यात किंचित दूध पडल्यासारखं वाटलं. मला वाटलं मनाचे खेळ. दुसऱ्या दिवशीही होतं. डोळ्यांच्या कडा, ज्या आधी धारदार होत्या, त्या गोलसर व्हायला लागल्या. आत्याबाई एकदा माझ्याबरोबर आल्या, फळ न्याहाळलं आणि म्हणाल्या, "नवी सून आन् नवं झाड, दोघींची रीत येगळी. बगावं लागतं बाई." भाकरीचं त्यांना आठवत असावं, मी विचारलं नाही.

इकडे शेजारचा हरभरा उगवून वर आला. त्याची हिरवी ओळ आमच्या ओट्यावरून दिसायची. मामा ती बघायचे आणि मी त्यांना बघायची. रोज ओल कमी होत होती. आता जेसीबी आला काय आणि न आला काय, हरभऱ्याचं कठीणच होत चाललं होतं, म्हणजे माझ्या शब्दावर त्यांनी एक पीक सोडलं होतं. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही. दिवाळी आली, पणत्या लागल्या, अनारसे झाले. मला एकाही अनारशाची चव आठवत नाही.

भाऊबीजेला मंगलताई आल्या. माझी नणंद, हट्ट्याला दिलेली. तिकडे काळी जमीन, हळद, केळी, भरपूर पाणी. आल्या आल्या त्यांनी मोठी पिशवी माझ्या हातात दिली, रिकामी. "वैनी, लई ऐकलंय तुमच्या सीताफळाचं. सासूबाईनं सांगितलंय, भरून आन." आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी पिशवीकडे. गल्लीतला चेंडूचा खेळ हट्ट्यापर्यंत पोचला नव्हता वाटतं.

ओवाळणं झालं आणि सगळे माळावर गेलो. मामा पुढे, काठी मागे धरून. मी आदल्या दिवशीच बघून आले होते. खोबणी पिवळसर व्हायला लागली होती, पण सगळीकडे नाही. देठाकडचा भाग अजून हिरवाच होता. आठेक दिवस कमी पडत होते. एखादं फळ तोडून तयार म्हणून सांगावं, अढीत घालावं, निदान आजचा दिवस तरी निभावेल, असं मनात आलं. आलंच. पण मग ते फळही दगड झालं असतं आणि मला पुन्हा तोंड उघडायला जागा राहिली नसती.

मंगलताई कुणाची वाट बघणाऱ्या नव्हेत. त्या सरळ पहिल्या ओळीत शिरल्या, सगळ्यांत मोठं फळ दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडल्या, "अप्पा, हे बगा! डोळे किती मोठे झाल्यात. तोडू का?"

आम्ही सगळे थांबलो. माझा नवरा आधी मामांकडे आणि मग माझ्याकडे बघत होता. मामांनी ते फळ लांबूनच पाहिलं. बराच वेळ पाहिलं. या घरात आल्यापासून मी त्यांच्या तोंडून जे कधी ऐकलं नव्हतं ते त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं.

"मला ह्याचं कळत न्हाई. वैनीला इचार."

मंगलताईंना तो माझ्याशी केलेला विनोद वाटला असेल. त्या हसत माझ्याकडे वळल्या. भाऊबीजेचा दिवस, माझ्या शब्दाचा शेवटचा दिवस, आणि हातावर ठेवायला पिकलेलं एक फळ नाही. मी फळाजवळ गेले. देठाकडची खोबणी बघितली. हिरवी. मला इतकं खात्रीनं आयुष्यात काही दिसलेलं नाही.

"नाही ताई," मी म्हटलं. "हे अजून झालेलं नाही. सोडा."

त्यांनी फळ सोडलं. फांदी वर गेली आणि हलत राहिली. मामा माघारी वळले. मला वाटलं, आता ते घरी जाऊन निरोप धाडणार. चार पावलं गेले आणि थांबून, मागे न बघताच लेकीला म्हणाले, "मंगल, पुढल्या आयतवारी ये. पिशवी हितंच राहू दे."